पलंगाखालची नात

आमच्या शेजारच्या खोलीतल्या विणकराला सगळे भोंगा म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. तेहतीस वर्षं तो कापड गिरणीत मागावर होता. एका छपराखाली दोनशे माग धडधडायचे. शेजारच्याशी बोलायचं तरी बोंब मारावी लागे. त्यानेही भागलं नाही, की विणकर नुसते ओठ हलवून आणि हातवारे करून बोलत.

लहानपणी मात्र हा इतका मऊ बोलायचा, की मास्तरांना याची हजेरी दोनदा घ्यावी लागे. हे त्याच्या थोरल्या बहिणीने सांगितलं. तिला बोलतं करायला मला एक कप चहा पुरला.

गिरणीतला आवाज घरात शिरला. शेजारी म्हणाले तापट, मग हाही स्वतःला तापट म्हणू लागला. आणि एकदा तापट ठरल्यावर ताट आपटणं आलंच. सुरुवातीला नुसता गळाच मोठा होता हो!

तो निवृत्त झाला आणि मुलगी तीन वर्षांच्या लेकीला घेऊन आठवडाभर राहायला आली. "आली का गं माझी छकुली!" आजोबांनी दारातच गर्जना केली. छकुली जी पलंगाखाली गेली, ती आजोबा बाहेर पडल्याशिवाय वर येईना.

तिसऱ्या दिवशी मुलगी बॅग भरू लागली. मी साखर मागायला दारात उभा होतो. घरी साखर होती, पण ते सोडा.

"बाबा, पुन्हा नाही आणायची मी हिला. याच पलंगाखाली मीही बसायचे, विसरलात?"

"मी काय करू? स्वभावच आहे माझा!"

"कसला स्वभाव?" त्याची बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "बघायला आलात तेव्हा तुमचा होकार ऐकायला माझ्या वडिलांना कान पुढे करावा लागला होता."

भोंग्याने वाकून पलंगाखाली पाहिलं. पोरीने दोन्ही कान गच्च दाबले होते. मागावर नवा आलेला माणूस पहिल्या दिवशी अस्सेच दाबतो, असं त्याने मला नंतर सांगितलं.

तो फरशीवर बसला. गिरणीतल्यासारखा हात हलवला आणि आवाज न काढता ओठांनी विचारलं, बिस्कीट हवं?

पोरीने एक कान सोडला. मग दुसरा. तिला खेळच वाटला. तिनेही नुसते ओठ हलवले.

"काय म्हणते?" मुलीने विचारलं.

"दोन हवीत," भोंगा म्हणाला. इतक्या हळू, की मला दारातून आत सरकावं लागलं.

बॅग तशीच अर्धी भरलेली राहिली, आठवडा संपेपर्यंत. हल्ली माय-लेकी दर सुट्टीला येतात. माझ्यावर तो अजून खेकसतो, ते चालूच आहे. पण नात आली की भिंतीला कान लावूनही काही कळत नाही. साखर मागायला जावंच लागतं.