घंटा थांबते तेव्हा

आपेनिन पर्वताच्या कुशीत, पिएत्रास्कुरा गावाच्या वर, ओक वृक्षांचे रान संपून बीच वृक्षांचे सुरू होते. नोव्हेंबर लागला की तिथे उत्तरेकडून वुडकॉक उतरतात. पाणलाव्याचा हा लांब चोचीचा रानवासी भाऊबंद वाळल्या पानांत असा विरून बसतो, की पाय पडेतो दिसत नाही. तिथे माणसाचे डोळे निरुपयोगी. कुत्रीचे नाक हेच एकमेव प्रमाण. पण दाट झाडीत कुत्रीही दिसेनाशी होते, म्हणून तिच्या गळ्यात पितळेची लहानशी घंटा बांधतात. ती वाजते आहे तोवर शोध चालू आहे. ती थांबली, की कुत्रीने ठाण धरले, म्हणजे ती जागीच निश्चल उभी आहे आणि पक्षी तिच्या पुढ्यात आहे. मग शिकाऱ्याने त्या निःशब्दतेच्या दिशेने, जणू गाभाऱ्यात शिरावे तसे, हलक्या पावलांनी जायचे.

सेत्तिमिओने उभा जन्म या निःशब्दतेच्या उपासनेत घालवला होता. सेटर जातीच्या कित्येक कुत्र्या त्याने घडवल्या, आणि एकीवरही कधी हात उगारला नाही. त्याची रीत संथ होती. कुत्रीने ठाण मोडले, की एक हात छातीखाली, एक पोटाखाली घालून तिला अलगद उचलायचे आणि जिथून ती हलली त्याच जागी परत ठेवायचे. रागवायचे नाही, बोलायचेही नाही. पाठीवरून हात फिरवून दूर व्हायचे. पुन्हा हलली, पुन्हा उचलायचे. शेवटी त्या जागेचे मोल तिच्या अंगात मुरते.

ब्रीना ही त्याची शेवटची कुत्री. पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, आणि नाक असे, की तसे त्याने दुसरे पाहिले नव्हते. मात्र या हंगामात तिला एक खोड जडली होती. रानात शिरावे, काही वेळाने आपणच बाहेर यावे, त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहावे आणि परत फिरावे. तेवढ्यात ती जिथून आली तिथूनच पक्षी फडफडत उडून जाई. ठाण सोडणारी कुत्री म्हणजे वचन सोडणारा माणूस, असे गावातले शिकारी मानीत. सेत्तिमिओ तिला उचलून परत नेऊन ठेवी, आणि ती मान खाली घालून उभी राही.

आंकोनाला राहणाऱ्या त्याच्या बायकोच्या भाचीला सोबतीला कुत्री हवी होती. येत्या रविवारी खोड सुटलेली दिसली नाही, तर ब्रीनाला तिकडे धाडायचे, असे त्याने ठरवले. नवे पिल्लू घडवायला वय उरले नव्हते. ब्रीना गेली, की रानही गेले, हे त्याला कळत होते.

रविवारी सकाळी त्याची बायको एर्सिलिया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "तीनदा हाक मारली. कॉफी गार झाली. तुला ऐकू येत नाही, की ऐकायचं नसतं?"

"लग्न झाल्यापासून मी त्यात फरक केला नाही."

"कान दाखव एकदा डॉक्टरला."

"कान ठणठणीत आहेत. कुत्री बिघडलीये."

त्याचा बालमित्र नाझारेनो बरोबर निघाला. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो बंदूक घेत नसे, पण तोंड घरी ठेवून येणे त्याला कधी जमले नव्हते. धुके होते, पाने भिजलेली होती. ब्रीना घंटा वाजवत झाडीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

दोघे थांबले. बराच वेळ गेला. आज ब्रीना बाहेर आली नाही.

"भरकटली बघ," सेत्तिमिओ हताश होऊन म्हणाला. "नुसती हुंदडतेय."

"हुंदडतेय? अरे, ती केव्हाची उभी आहे! मला वाटलं, तू दम खातोयस."

"काहीतरीच! घंटा वाजतेय की."

"कुठली घंटा? लेका, घंटा कधीच थांबली."

सेत्तिमिओ हसला. मग मित्राचा चेहरा पाहून हसू ओसरले. त्याने दोन्ही कानांत बोटे घातली.

घंटा वाजतच होती. बारीक, अखंड, पितळी.

नाझारेनो पुढे झाला, सेत्तिमिओ मागे. हॉलीच्या काटेरी झुडपाच्या आडोशाला ब्रीना उभी होती. एक पाय उचललेला, शेपूट ताठ, अंगाला सूक्ष्म कंप. किती वेळ, कोण जाणे! तो शिकवत होता ते सगळे ती शिकली होती. पाऊल वाजताच पक्षी उडाला. बंदूक खांद्यावरच राहिली.

"ती मला बोलवायला येत होती, नेनो," सेत्तिमिओ खाली बसत म्हणाला. "घंटा थांबलेली मला ऐकू येत नाही, हे तिला कळलं होतं. आणि मी तिला दर वेळी उचलून..."

"एर्सिलियालाही कळलं होतं. तिला उचलता येत नाही, एवढाच फरक."

सेत्तिमिओने ब्रीनाच्या गळ्यातली घंटा सोडवली आणि खिशात टाकली.

"वेडा झालास? आता मलाही कळायचं नाही, ती कुठे उभी आहे ते."

"तेच हवंय. तुझे कान उसने घेऊन किती दिवस चालणार?"

"आणि आली नाही तर? संध्याकाळपर्यंत तशीच उभी राहील! इतकं छान शिकवलंयस तू."

सेत्तिमिओने हाताने खूण केली, आणि ब्रीना वरच्या झाडीत शिरली. बंदूक बुंध्याला टेकवून तो उभा राहिला. कानांतले ते खोटे पितळ वाजत होते. आपलीच विद्या आता आपल्या आड उभी आहे, हे जाणून तो त्या झाडीकडे पाहत राहिला. इतक्या हंगामांत प्रथमच त्याला वाटले, की शिष्याने शिकवलेले विसरावे.

नाझारेनोने चिलीम भरली, ओढली, झाडली.

झाडीच्या कडेला पाने हलली. ब्रीना आली; पण पोट जमिनीला घासत, कान मागे टाकून, अपराध्यासारखी. त्याच्यापासून थोड्या अंतरावर ती थबकली आणि उचलले जाण्याची वाट पाहत अंग आखडून बसली.

सेत्तिमिओ ओल्या पानांत गुडघे टेकून बसला. त्याचे हात सवयीने पुढे झाले; ती आकसली. त्याने ते दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"चल," तो म्हणाला. "मला ने."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग उठली, वळली, थोडी चालून थांबली आणि तिने मागे पाहिले. तो धडपडत उभा राहिला आणि तिच्या मागोमाग निघाला.

"अरे ए!" नाझारेनो ओरडला. "बंदूक राहिली तुझी!"

हे मात्र सेत्तिमिओला ऐकू आले असावे, कारण पाठ न वळवताच त्याने हात हलवला. ब्रीना पुन्हा थांबून त्याच्यासाठी खोळंबली होती, आणि तिला तिष्ठत ठेवणे आता त्याला परवडणारे नव्हते.