प्रवाहात सोडलेला नांगर

ज्याने डोंगराला पाझर दिला, पाझराची नदी केली आणि नदीच्या पोटात जीव सांभाळला, त्या दयाघनाला आधी वंदन; मग ऑर्व्हल स्टिडहॅमचे नाव घ्यावे.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरांतल्या एका नदीवर त्याने उभा जन्म काढला; लोकांना कयाक या अरुंद, वल्ह्याच्या होडीतून मासेमारीला नेणे हीच त्याची भाकरी. पण वसंतापासून त्याच्या डोळ्यांपुढे धुके उतरले होते. त्याची बायको नडीन हिने बजावले होते, नदी दिसेनाशी झाली की कयाक सोडायची. त्याने मान डोलावली होती आणि तेव्हापासून ‘दिसतंय, दिसतंय’ म्हणत दिवस ढकलले होते. कयाक सुटली तर आपण उरलोच कुठे, हीच धास्ती.

त्या सकाळी दोघे दोन कयाकमधून निघाले. खडकाआडच्या निवांत पाण्यात बास मासा दबा धरतो, हे त्याच्या हातांना पाठ होते. आमिषाचा रबरी खेकडा नेमका तिथे पडला, गळ ताणला, तपकिरी मासा उसळला.

“पाहिलंस? अजून दम आहे म्हाताऱ्यात!”

“मासा पाहिला रे. समोरचं झाड तू पाहिलंस का?”

नव्हते पाहिले. वळणावर मुळांसकट कोसळलेले झाड आडवे होते. त्याच्या फांद्यांतून पाणी निसटे, माणूस मात्र अडके. घाबरून त्याने तेच केले, ज्यावरून तो प्रत्येक नवख्याला झापत असे: धावत्या पाण्यात बाजूने नांगर सोडला. नांगर खडकात रुतला, कयाक कलली, पाणी आत घुसले.

“दोरी काप! ऑर्व्हल, काप!”

त्याने गळ सोडला, मासा सोडला, तरंगत्या जाकिटावरचा चाकू ओढून दोरी कापली. नडीनने आपली कयाक मध्ये घालून त्याला गोट्यांच्या काठावर रेटले.

“कधीपासून दिसत नाही?”

“वसंतापासून.”

“खोटारड्या!” ती ओरडली.

ऑर्व्हल कयाकमधले पाणी उपसू लागला. “ही शेवटची फेरी, नडीन,” तो म्हणाला.

नदीतून बाहेर पडायचा घाट दूर होता, काठाने रस्ता नव्हता; पाण्यातूनच जायचे होते. “मी पुढे राहते. ‘डावीकडे’ म्हटलं की डावीकडे, वाद नको.”

“आजवर कधी घातलाय?”

“बापरे!”

तिच्या हाकेमागून तो निघाला, तोंडाने प्रार्थना पुटपुटत.

हे जगदीशा, ऑर्व्हलच्या मावळत्या डोळ्यांना धीर दे, नडीनच्या हाकेला बळ दे, आणि त्यांच्या घरावर तुझी सावली अखंड राहो.