चपट्या तोंडाची काडतुसं

कसलीही नळी हाती आली, की आमचे ड्रिलमास्तर एक डोळा मिटून तिच्यातून उजेडाकडे बघत. शाळेचा गुंडाळलेला नकाशा असो, जत्रेतला पावा असो, नाहीतर चुलीची फुंकणी. "आरपार दिसलं तर खरं," असं म्हणत. पोरं त्यांची नक्कल करत, आणि मास्तर ती न दिसल्यासारखं करत. असा एखादा माणूस तुमच्याही शाळेत असेल.

निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. रेणापूरच्या शाळेत मी नवा शिक्षक; मास्तर फौजेतून निवृत्त होऊन आलेले. वयानं बापासारखे, तरी मला 'गुरुजी' म्हणत.

आमच्या शेतातला भुईमूग रानडुकरं उकरून खात. थोरल्या भावानं कचेरीत खेटे घालून परवाना मिळवला, आणि जुनी रायफल बघायला मी मास्तरांना नांदेडला नेलं. एक म्हातारा शिकारी आपली विकत होता. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामं टरफल बाहेर पडे, वर दाबली की नवं काडतूस आत जाई. मास्तरांनी ती कडी वीसदा तरी खालीवर केली. मग अर्थातच डोळा लावला.

"हिच्यातून शेवटचा बार कधी काढला?"

"दिवाळीत काढला होता."

"मग पुसली न्हाई तुम्ही."

म्हातारा ओशाळला. "हात थरथरून राहिलेत आता," म्हणाला. मास्तरांनी त्याच्याकडूनच चिंधी आणि तेल मागून घेतलं, ओट्यावर बसून नळी स्वच्छ पुसली, आणि मगच सौद्याचं बोलले.

काडतुसांच्या दुकानात दुकानदारानं दोन तऱ्हा पुढं केल्या. मास्तरांनी टोकदार काडतुसं बाजूला सारली.

"हिची काडतुसं खालच्या नळीत एकामागं एक झोपतात, गुरुजी. टोकदार घेतली तर एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं, घोडा आपटतो तिथंच. धक्का बसला की आतच उडायचं. चपट्या तोंडाचीच घ्यायची. ध्यानात ठेवा."

मी ध्यानात ठेवलं होतं.

पुढं लढाईच्या दिवसांत काडतुसं मिळेनात. मी एकटाच नांदेडला गेलो, तीन दुकानं पालथी घातली. शेवटी एकाकडे मापाची मिळाली, पण टोकदार. रिकाम्या हातानं परतायची लाज वाटली. दोन-चार बारांत काय होतंय, असं मनाला समजावलं आणि घेऊन आलो. भावाला काही बोललो नाही.

सुगीच्या एका सकाळी मास्तर शेतावर आले. भावानं रायफल भरूनच ठेवली होती. मास्तरांनी ती उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"चपटीच हायेत न्हवं?"

भाऊ शेजारी उभा होता. मी म्हणालो, "हाव."

जगातली प्रत्येक नळी तपासणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी तपासलं नाही. बांधाआडून डुक्कर निघालं, त्यांनी बार काढला, आणि पाठोपाठ दुसरा आवाज रायफलीच्या पोटातूनच आला. खालची नळी फुटली. मास्तरांचा डावा हात नेमका तिथंच होता.

लातूरच्या दवाखान्यात तो हात मनगटापासून काढावा लागला. पोलीस अमीन जबाब घ्यायला आले तेव्हा मी खाटेशीच उभा होतो.

"जुनी चीज होती, साहेब," मास्तर म्हणाले. "माझीच पारख चुकली."

अमिनांनी तसंच लिहून घेतलं.

नोकरी त्यांनी आपणहून सोडली. मुरुडला बहिणीकडे जायला निघाले, त्या दिवशी मी वळकटी बांधून द्यायला गेलो. दारात बैलगाडी जुंपलेली होती. दोरी आवळता आवळता कसंबसं तोंड उघडलं. "मास्तर, ती काडतुसं..."

"नळी फुटली तवा एक माझ्या पायाशीच पडलं होतं," ते म्हणाले. "बघितलं मी."

माझे हात थांबले. ते वाकून दोरीकडे बघत म्हणाले, "गाठ लई आवळू नका, गुरुजी. सोडायला एकच हात हाय."

मी गाठ सोडून पुन्हा सैल बांधली आणि वळकटी गाडीत ठेवली.

मुरुड काही लांब नव्हतं, पण माझं जाणं झालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचा सांगावा आला, तोवर त्यांचा दहावाही होऊन गेला होता.