मिठाच्या पाण्याचा अंधार

दत्तोबा मांडवात शिरला की आधी पायातले बूट काढायचा. पिंपरीच्या कारखान्यात तो वायरमन. तिथे रबरी तळाचे बूट घातल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही, दुसऱ्यालाही लावू द्यायचा नाही. पण गणपतीत आम्हा कामगारांचं नाटक उभं राहिलं, की हाच माणूस विजेच्या जंजाळात अनवाणी. मी टाइम ऑफिसातला कारकून, नाटकात म्हाताऱ्यांची कामं करणारा. एकदा त्याला चांगलं झापलं, तर म्हणाला, "भाऊसाहेब, दिव्यापाशी पायताण घालून कोण उभं ऱ्हातं? त्ये कारखान्यात. हितं न्हाई." शेवटी पायाखाली लाकडी पाट घ्यायचं त्याने कबूल केलं, तेही त्याच्या बायकोने, पार्वतीने, हट्ट धरला म्हणून.

निघोज्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. दिव्यांची इंग्रजी नावं नव्या नटाला ऐकवल्याशिवाय तो त्याला रंगमंचावर पाऊल टाकू देत नसे. फूटलाइट म्हणजे पुढच्या कडेचे दिवे. त्यांनी हनुवटी उजळते आणि माणूस भुतासारखा दिसतो. फ्लड सगळ्यांना सारखा भिजवतो, स्पॉट एकालाच धरतो. पण त्याचा खरा जीव डिमरवर. विकतचा परवडत नव्हता, म्हणून त्याने चिनी मातीच्या बरणीत मिठाचं पाणी भरून स्वतःच तो केला होता. पाण्यात दोन पत्रे. वरचा दोरीने उचलत नेला की दिवा मंद होत जाई. पाणी तापून आटलं तर दिवा एकदम विझे, म्हणून मधेच वरून ओतावं लागे. त्या पाण्यात वीज खेळत असे, आणि मला ती बरणी बघवत नसे.

मी म्हटलं, मरणाच्या प्रवेशाला सरळ बटण बंद कर. त्याला ते मुळीच पटलं नाही. "माझा बाप जाताना मी उशाला हुतो," तो म्हणाला. "परसातनं ऊन निघून जातं तसा गेला. त्ये बटणानं कसं दावणार?"

त्या वर्षी तिसऱ्या अंकाच्या शेवटी मी बाप होऊन मरणार होतो. पाऊस झाल्यामुळे विंगेतली, दत्तोबाच्या बरणीजवळची जमीन ओली होती. अंक सुरू होण्याआधी माझी खाट डुगडुगायला लागली. खाट हलली तर सावली हलेल, म्हणून दत्तोबानेच आपला पाट आणून तिच्या पायाखाली सारला. मी नको म्हणालो. त्याने ऐकलं नाही.

शेवटचं वाक्य बोलून मी मान टाकली. दिवा अर्ध्यावर आला आणि तिथेच थांबला. मी डोळे मिटून मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. मेलेल्या माणसाने श्वास तरी किती रोखायचा? अखेर डोळे किलकिले करून विंगेत पाहिलं. दोरी खुंटीला अडकवलेली, पाण्याचा तांब्या पालथा, आणि दत्तोबा बरणीवर कोसळलेला. प्रॉम्प्टर मेन स्विचकडे धावला. वीज तोडल्याशिवाय दत्तोबाला शिवताच आलं नसतं.

अंधार झाला. मांडवात टाळ्या सुरू झाल्या. इतक्या टाळ्या आमच्या नाटकाला कधीच पडल्या नव्हत्या. पार्वती बायकांच्या पहिल्या रांगेत बसली होती. तिला सांगायला मी चाचपडत खाली उतरलो, तर तीही टाळ्या वाजवत होती. शेजारणीला म्हणत होती, "आमच्या ह्यांनी केलाय ह्यो अंधार."