कांजी केलेलं जॅकेट

"ये जॅकेट है कि पापड़?"

तपासणीच्या टेबलामागचा माणूस असं म्हणाला आणि रांगेतल्या मुली हसल्या. त्याच्यापुढे एक छोटं यंत्र होतं. नेमबाजीचं जॅकेट त्याच्याखाली धरायचं, वरून दाब द्यायचा, कापड किती दबतं ते बघायचं. जॅकेट फार कडक असेल तर ते शरीराला आधार देतं. तसा आधार नियमात बसत नाही. माझं जॅकेट दबलंच नाही. त्याने बाही उचलून सोडली. बाही तशीच उभी राहिली.

क्लबच्या सेक्रेटरी मॅडम आल्या. त्यांनी कापडावर नख घासलं, नख नाकाशी नेलं.

"माँड़ लगाया है इसमें. चावल का." मग माझ्याकडे वळून, "किसने किया ये?"

बाबा माझ्यामागे चार पावलांवर उभे होते. पांढरा फुल शर्ट, पँटची घडी सुरीसारखी, बूट चमकत होते. भाताच्या पेजेत बुडवून ते जॅकेट त्यांनीच वाळवलं होतं. त्यांनीच इस्त्री केली होती.

मी म्हणाले, "धोबी ने."

आवाज बारीक होता, पण बाबांनी ऐकला. ते पुढे आले. मला वाटलं, आता खरं सांगतील.

"हाँ मॅडम जी, धोबी की गलती है," बाबा म्हणाले. "मैं बोलके आया था उसको."

मॅडमनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "और आप?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. एवढंच. मी खाली बघत होते, टेबलाच्या पायाकडे.

"छोड़ने आया हूँ," ते म्हणाले.

"तो गाड़ी बाहर लगाइए ना, भैया. यहाँ सिर्फ पेरेंट्स रुकते हैं."

बाबा गेले. मी त्यांना जाऊ दिलं.

हे लिहिताना मला थांबावं लागतंय. पुढे जे झालं ते या एका ओळीनंतर झालं, आणि ही ओळ माझी आहे. मॅडमची नाही.

क्लबमध्ये मी आले ती शाळेच्या शिबिरातून. नेम बरा होता. क्लबची एक रायफल होती. ज्यांची स्वतःची नाही अशा एका मुलीला ती वर्षभर वापरायला मिळायची. अर्ज घेऊन गेले तेव्हा मॅडमनी नाव विचारलं. मी पहिलं नाव सांगितलं. या हिंदी शहरात मराठी नाव ऐकून त्यांचा चेहरा खुलला.

"मराठी? अगं, मग आपलीच की. राइट टाउनमध्ये राहता का?"

"नाही. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये."

"आणि आडनाव?"

मी आडनाव सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. थोडं थांबून परत, "अच्छा."

रायफल मला मिळाली. पण त्या दिवसानंतर मॅडम माझ्याशी कधी मराठीत बोलल्या नाहीत. रियाशी बोलायच्या. रिया राइट टाउनच्या बंगल्यांतली, त्यांच्याच ओळखीतली. आम्ही दोघी शेजारी उभ्या असलो तर एक वाक्य रियाला मराठीत आणि पुढचं मला हिंदीत. पहिल्यांदा वाटलं, चुकून होत असेल. चुकून रोज होत नाही. तरी मी कुणाला काही बोलले नाही. मी बोलणारी मुलगी नव्हतेच. बघत राहायचे आणि घरी येऊन अभ्यासाला बसायचे.

मॅडमना पोशाखाची फार काळजी. बंदूक हातात दिसली की लोकांना गुंड आठवतात, त्या म्हणायच्या, म्हणून आपण सभ्य दिसलं पाहिजे. फाटकी जीन्स नको. लष्करी रंगाचं काही नको. बंदुकीचं चित्र असलेला टीशर्ट तर नकोच. पेपरात फोटो येतो, त्यात घरंदाज मुली दिसल्या पाहिजेत. मला हे पटायचं. मला वाटायचं, कपड्यांचं तर आम्हाला कोणी शिकवायला नको.

कारण आमच्या घरी इस्त्री हे काम नव्हतं, नेम होता. दर रविवारी बाबा घोंगडी अंथरून बसायचे आणि आठवड्याचे सगळे कपडे करायचे. माझा युनिफॉर्म, आईच्या साड्या, त्यांचे फॅक्टरीचे शर्टसुद्धा, जे तासाभरात तेलाने काळे होणार असत. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातल्या माणसाचा फोटो. माझे आजोबा विदर्भातल्या ज्या गावातून आले, तिथे त्यांना धुतलेला सदरा घालून पाटलाच्या दारावरून जाता येत नव्हतं. एकदा गेले, तर सदरा अंगावरच फाडला. तेव्हापासून आमच्या घरात कोणी चुरगळलेल्या कपड्यात बाहेर पडलं नाही.

स्पर्धेच्या आधी क्लबची सूचना मोबाइलवर आली. इंग्रजीत होती. बाबा म्हणाले, "वाच ना, काय म्हणून राहिले." मी वाचून मराठीत सांगितलं. सगळे कपडे स्वच्छ, नीटनेटके, इस्त्री केलेले हवेत.

"सगळे म्हणजे जॅकेट बी?"

"सगळे," मी म्हणाले. पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही.

जॅकेट जुनं होतं, क्लबमधल्या एका मोठ्या मुलीने विकलेलं. कोपरावर मऊ पडलेलं. बाबांनी ते दिवसभर वाळवलं. चामड्याचे तुकडे सोडून बाकी सगळ्यावर इस्त्री फिरवली, आतून, बाहेरून. तयार झालं तेव्हा रियाच्या नव्या जॅकेटसारखं ताठ दिसत होतं. मला आवडलं. नियमांचं पुस्तक मी वाचलेलं होतं. इंग्रजीत, पूर्ण. तरी माझ्या लक्षात आलं नाही.

तर त्या दिवशी अधिकारी म्हणाला, जॅकेट बाजूला ठेव, साध्या कपड्यांत मार. मी शाळेच्या जुन्या स्वेटरमध्ये मारलं. प्रत्येक गोळीच्या आधी श्वास सोडायचा असतो, मला तो सोडताच येत नव्हता. तरी आमच्या क्लबच्या मुलींत मी दुसरी आले. रिया पहिली.

मग फोटो. मॅडमनी पेपरवाल्याला बोलावलं होतं. त्यांनी मला बघितलं, स्वेटर बघितला.

"ऐसे नहीं चलेगा. रिया का दूसरा जॅकेट पहन लो." मग पेपरवाल्याला, "लिखिएगा, क्लब ने फॅक्टरी साइड की बच्ची को मौका दिया."

रियाने जॅकेट दिलं. चांगली मुलगी आहे, हसून दिलं. मी एक हात बाहीत घातला. कॉलरच्या आत पट्टीवर तिचं नाव शिवलेलं होतं. पूर्ण नाव, आडनावासकट. दुसरा हात घालायला वळले तेव्हा फाटक दिसलं. फाटकापलीकडे बाबा स्कूटरजवळ उभे होते. उन्हात. बसले नव्हते. बसलं की पँटची घडी मोडते.

मी हात बाहीतून काढला.

"मॅडम," मी मराठीत म्हणाले, "धोबी नव्हता. कांजी माझ्या बाबांनी केली. तुम्ही ज्यांना गाडी बाहेर लावायला सांगितली, ते माझे बाबा आहेत."

पेपरवाला आमच्या तोंडाकडे बघायला लागला. त्याला मराठी कळत नसावं.

मॅडम जवळ आल्या. किती महिन्यांनी त्या माझ्याशी मराठीत बोलल्या. हळू. हसरा चेहरा तसाच ठेवून. "हे आत्ता काढायची वेळ आहे का? चल, घाल."

"ते आत आले तर मी फोटोत येईन."

"मग नको येऊस. पण रायफल कोणाची आहे ते लक्षात ठेव."

मी जॅकेट रियाच्या हातात दिलं. माझं ताठ जॅकेट उचललं आणि बाहेर आले. मला अजिबात शूर वाटलं नाही.

"फोटो झाला?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"काहून?"

मी सांगितलं. मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील, डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी स्कूटरला किक मारली. तिलवाऱ्याच्या पुलावर आलो तेव्हा वाऱ्यात त्यांचा आवाज आला, मागे न वळता.

"आता बोलून काय? तेव्हा बोलायचं होतं."

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. शर्टावर घामाचा डाग पसरत होता. इस्त्री मोडली होती.

घरी त्यांनी जॅकेट बादलीत टाकलं. दोन पाण्यांत कांजी निघाली. ते जॅकेट आता मऊ आहे, यंत्राखाली दबेल. पण त्या रविवारी बाबांनी घोंगडी अंथरली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. फॅक्टरीचा शर्ट ते तसाच दोरीवरून ओढून घालतात आणि जातात. मी इस्त्री पुढे केली तर म्हणाले, "राहू दे. तेलातच तर जायचं आहे." 'धोबी', माझ्या या एका शब्दाने असं झालं. सदरा फाडणारा पाटील तरी बाहेरचा होता.

क्लबचा निरोप आला आहे. गैरवर्तनाबद्दल लेखी माफी, त्यावर पालकांची सही, रविवारपर्यंत. नाहीतर रायफल दुसऱ्या मुलीला. दुसरी रायफल आम्हाला घेता येणार नाही, हे मला माहीत आहे. क्लबलाही माहीत आहे. त्या रायफलीशिवाय मी कोण आहे, हे मला अजून कळत नाही. या चार रात्री मी नीट झोपले नाही. माफीचा कागद तीनदा लिहिला. छान इंग्रजीत. तिन्ही फाडले.

चौथा कागद माफीचा नाही. त्यात त्या दिवशी टेबलापाशी काय झालं ते आहे. कोण काय बोललं, मी काय खोटं बोलले, बाबा कुठे उभे राहिले. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. बाबांना वाचून दाखवला. सही करा म्हटलं नाही, सोबत चला म्हटलं. ते म्हणाले, "मी नाही येत." ते येणार नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

आज घोंगडी मी अंथरली. त्यांचा पांढरा शर्ट केला, पँट केली, माझे कपडे केले. घडी त्यांच्यासारखी पडली नाही. बोट भाजलं. त्यांचे कपडे खुंटीवर टांगून ठेवले आहेत. घालतील किंवा नाही.

रविवारी मी जाणार. कागद मॅडमच्या हातात देणार आणि जिथे फक्त पालक थांबतात तिथे उभी राहणार. रायफल काढून घेतील, घेऊ देत. आणि कुणी विचारलं, किसने किया ये, तर या वेळी मी पहिल्याच वेळी सांगणार.