लुगड्याच्या पडद्याआडची आसनं

पहिले खरं सांगूनच टाकते, मले बाळंतपणाचं लय भेव वाटे. राजेगावात माझ्या वहिनीनं दोन दिवस कळा काढल्या होत्या अन् मी दाराबाहेर बसून सगळं ऐकलं होतं. म्हणून पाचव्या महिन्यात बालाघाटच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "श्वास घ्यायले शिक, कंबर मोकळी ठेव, आसनं शिकवणारं कोणी भेटते का पाह्य," तवा मी रस्त्यातच ठरवलं, शिकीन म्हणजे शिकीनच!

पण शिकवणारं कोण? एक आखाडा होता, तिथं सकाळी लंगोटातले पहेलवान डोक्यावर उभे राहत. दुसरं म्हणजे एका साहेबाच्या बायकोनं बंगल्यावर बायकांचा क्लास काढला होता. मी गेलती तिथं बी! तिनं माझं पोट पाह्यलं अन् म्हणते, "अरे, यहाँ तो पेट कम करने आते हैं!" झालं, मी वापस.

मग एक दिवस आमचे हे सायकल हाणत आले. "मास्तर भेटला! लालबर्र्याहून बदलून आला, शाळेत ड्रिल शिकवते, आसनं बी येतात. इतवारी घरी येतो म्हणते!"

इतवारी मास्तर आले. मी सतरंजी अंथरून, पदर खोचून तयार. सासूले मी आत्या म्हणते. तर आत्यानं मास्तरले चहा दिला अन् जे विचारू नये तेच विचारलं.

"कुठले म्हणायचे तुम्ही?"

"रामपायलीचे."

"रामपायलीत कोणाचे?"

मास्तरनं बापाचं नाव सांगितलं. आत्यानं आजाचं विचारलं. मग आजीचं माहेर निघालं. चहा संपायच्या आत आत्यानं कपाळाले हात लावला. "अगं बाई! हा तर माझ्या चुलत जेठाचा पोरगा! पोरी, पदर घे! तुझा भासरा होय हा!"

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, सख्खा असो का चुलत. आमच्यात त्याले सुनेनं तोंड दाखवायचं नाही, आवाज बी ऐकू द्यायचा नाही. मी पदर ओढला, मास्तरनं भिंतीकडं तोंड फिरवलं, अन् आमचे हे मधात उभे. "आता काहून थांबले सगळे?" म्हणते! पोटातल्या लेकराच्या बापाले एवढं बी समजत नव्हतं.

मी तर रडायलेच लागली. मंग आत्यानं उपाय काढला. ओसरीत दोरी बांधली, तिच्यावर आपलं हिरवं लुगडं टाकलं. इकडं मी, तिकडं भासरा, अन् लुगड्याच्या टोकाशी आत्या, दोन्हीकडं पाहणारी.

"काकी, सुनेले म्हणा मांडी घालून बसा, गुडघे हळूहळू हलवा."

"पोरी, गुडघे हलव. असे नाही, असे." दाखवता दाखवता आत्याच खाली बसली.

"होऊन राह्यलं का काकी?"

"हौ हौ, एकदम बरोबर!" मी तर पाणी पिऊन राह्यलती.

पुढच्या इतवारी मले हातापायावर ओणवं केलं. पाठ वर कर म्हणाले, केली. आता खाली कधी करायची ते कोणी सांगेच ना! लुगड्यापलीकडं आत्या मास्तरले विचारून राह्यलती, रामपायलीतल्या कोणत्या पोरीचं लगन मोडलं अन् कोणामुळं. अन् मी गाईसारखी उभी! बोलता येत नाही, आवाज भासऱ्याच्या कानी जाईन. शेवटी बाजूचा पितळी गिलास हातानं लोटला. आत्या डोकावून म्हणते, "थांब ना, महत्त्वाचं चालू हाय!"

महिनाभर असंच चाललं. आत्याचे गुडघे मोकळे झाले. चूल सोडून उठताना पहिले ती "आई गं" करे, आता टुणकन उठे. माझी कंबर होती तशीच. अन् सातवा लागला.

एक दिवस भांडे घासता घासता माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्या, बाळंतपण तुमचं हाय का माझं?"

बोलली अन् घाबरली. आत्या घासलेले भांडे उचलून घरात निघून गेली. मले वाटलं, आता माहेरी धाडते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं दार लावलं, कडी घातली, लुगड्याचा काष्टा ओढला अन् माझ्यासमोर येऊन बसली. "पदर काढ. इथं कोणी भासरा नाही. गुडघे हलव. श्वास ओढ... सोड... ओढ म्हटलं ना!"

मास्तरपेक्षा कडक! रोज दुपारी. इतवारी मास्तर आले की आत्या एकटीच लुगड्यापुढं बसून नवीन आसन शिकून घे अन् सोमवारी मले शिकवे. मास्तरले वाटे, पलीकडं सून हाय. मी तर आत खोलीत झोपून राहे!

पहाटे कळा सुरू झाल्या तवा आत्या माझ्यासंगच दवाखान्यात होती. मी श्वास ओढे, ती ओढे. मी सोडे, ती सोडे, माझ्यापेक्षा जोरानं. नर्स वैतागली, "माताजी, आपको भी भरती कर लें क्या?" कळ चालू होती तरी मले हसू आलं. दुखलं, लय दुखलं, खोटं काहून सांगू? पण वहिनीसारखं झालं नाही. दुपारपर्यंत पोरगी झाली.

आत्यानं नातीले पाह्यलं, मग माझ्या उशाशी स्टुलावर बसली अन् हळूच विचारलं, "भेव वाटलं का गं?"

"हौ."

"मले बी," म्हणे. "माझ्या तीन बाळंतपणांत बी एवढं वाटलं नव्हतं."