बैलांना आमंत्रण
भिजवलेल्या सरकीचा वास आला, की मी थेट अकोल्याच्या आमच्या कापसातून सरकी काढायच्या लहानशा जिनिंग कारखान्यात पोचतो. आमच्या पुढेच विलायती कंपनीने भलामोठा कारखाना थाटला आणि कापसाच्या गाड्या आमच्या फाटकावरून सरळ तिकडे जाऊ लागल्या. आता टाळं लागणार, म्हणून वडील फाटकाशी उभे राहून गाडीवाल्यांना हाका मारू लागले. आई म्हणाली, “अवो, गाडीवाल्याले काय बोलावता? बैलाले बोलवा!” आणि तिने फाटकाशी भिजवलेल्या सरकीची घमेली मांडली. पहिलीच गाडी अडली, मागे रांग लागली. गाडीवान ओरडला, “मालक, मी त सायबाकडेच चाललो होतो, पण बैल आयकून नाई राह्यले!” वडिलांनी हसत बैलाच्या कानात काहीतरी सांगितलं, लाजली मात्र दारातली आई. काय सांगितलं असेल, याचा अंदाज मला आता, स्वतःचा संसार मुरल्यावर येतो: ‘गड्या, हिच्या हातचं खाऊन मी बी असाच अडकलो!’